तुमसरच्या वाटेवरचा जड गिअर

जालन्यातून निघालो तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि सुधाकर गाडीच्या चारही टायरांवर तळहात दाबून हवा बघत होते. हवा मोजायचं यंत्र घरात आहे, ते वापरत नाहीत. एकतीस वर्षं साखर कारखान्यात काढली, शेवटची अकरा फोरमन म्हणून. बेअरिंग तापलंय की नाही हे ते हात ठेवून सांगायचे आणि इंजिनिअर मंडळी मागून तापमापक लावून खात्री करून घ्यायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मी त्यांना नावाने हाक मारत नाही. लिहिताना मात्र सुधाकर असंच लिहिणार आहे, नाहीतर सगळीकडे ‘हे’ आणि ‘यांनी’ येईल आणि कोण काय म्हणालं ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

जायचं होतं भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीला. तिथे केशवराव पटले राहतात, आयटीआयच्या वसतिगृहातले सुधाकरांचे दोन वर्षांचे खोलीसोबती. पुढे पटल्यांनी कानस-हातोडी सोडून वडिलांची धानाची शेती धरली. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि दरवर्षी तेच बोलणं होतं, “धान कापाच्या वक्ताले ये. नाहीतर येऊच नको.” इतक्या वर्षांत आम्ही एकदाही गेलो नव्हतो. यंदा दिवाळी झाली, लेक मीरा पुण्याला परत गेली, घर एकदम रिकामं झालं आणि सुधाकर म्हणाले, “नलू, पिशवी भर.”

गाडी आमची लहानशी, लाल, नऊ वर्षांची. समृद्धी महामार्गावर चढलो आणि एकदा पाचवा गिअर टाकल्यावर तासन्‌तास दांड्याला हात लावायची गरज पडली नाही. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, मध्येच हरणांसाठी बांधलेला पूल, आणि पुढे नुसता सिमेंटचा पट्टा. सुधाकर गप्प होते. डोकं जरा दुखतंय म्हणाले. मी गोळी दिली आणि पहाटेच्या जागरणामुळे असेल असं म्हणून टाकलं.

तक्रार नागपूरच्या वेशीवर सुरू झाली. सिग्नलला थांबायचं, पहिला टाकायचा, दुसरा टाकायचा, परत थांबायचं. तिसऱ्या सिग्नलला गाडीखालून करर्र असा आवाज आला, जणू कुणी पत्रा फाडला.

“काय झालं?”

“गिअर पडत नाहीये. जड झालाय एकदम.” सुधाकरांनी दांडा पुन्हा रेटला. पुन्हा करर्र. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. चौथ्या खेपेला गिअर पडला आणि आम्ही हिसका खाऊन पुढे गेलो.

“क्लच नीट सुटत नाही,” त्यांनी निदान करून टाकलं. “पेडल दाबलं तरी आतली प्लेट चिकटून राहते. म्हणून दात घासतात. क्लचची केबल ताणली असणार.”

मी विश्वास ठेवला. यंत्राच्या बाबतीत त्यांचं निदान चुकलेलं मी पाहिलेलंच नव्हतं.

नागपुरात लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी भंडाऱ्याला पोचलो. बसस्टँडजवळच्या टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी आणखी तर्री मागितली. सुधाकरांनी प्लेट डाव्या हातात धरली होती. ती वाकडी झाली आणि सगळा रस्सा बुटावर सांडला. “लक्ष कुठे असतं तुमचं?” मी म्हणाले. टपरीवाल्याने न मागता दुसरी प्लेट दिली.

वैनगंगा बघायची म्हणून वाट वाकडी करून कारध्याला गेलो. पूल ओलांडला की नदीच्या पलीकडच्या काठावर हे गाव आहे. पात्र इतकं रुंद असेल असं वाटलं नव्हतं. आमच्याकडच्या नद्या नोव्हेंबरात दगड मोजायला देतात. इथे मात्र पाणी काठोकाठ, निळं-राखाडी, आणि त्यावर एकच डोंगा सावकाश चाललेला. काठावर उतरताना सुधाकरांनी बूट काढून चप्पल घातली होती. चार पावलं चालल्यावर डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि ते तसेच पुढे गेले. कपडे पिळणारी एक बाई हसून म्हणाली, “अजी, तुमची चप्पल रायली ना मांगं!”

सुधाकरांनी वळून आधी चपलेकडे पाहिलं, मग पायाकडे. “सैल झालीय,” म्हणाले. मीही हसले.

तुमसरच्या रस्त्याला लागलो तसा गिअरचा त्रास वाढला. प्रत्येक वळणाला, प्रत्येक गतिरोधकाला करर्र. तुमसर गावात राइसमिलांच्या कोंड्याचा पिवळा धुरळा हवेत होता आणि धानाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीने उभ्या. गावाबाहेर पडता पडता अशाच एका उभ्या ट्रॉलीला आमचा डावा आरसा लागला. ठक्क आवाज झाला आणि आरसा वायरीला लोंबकळू लागला. मी किंचाळले.

“मध्येच उभी केलीय बघ कशी,” सुधाकर ओरडले.

ट्रॉली मध्ये उभी नव्हती. रस्त्याखाली उतरवून नीट उभी केली होती. मी ते पाहिलं होतं. पण प्रवासात नवऱ्याशी कशावरून वाद घालायचा याचे माझे काही नियम आहेत, आणि आरसा त्यात बसत नव्हता.

नाकाडोंगरी रानाच्या कडेला आहे. सागाची झाडं, मध्येच मँगनीजच्या खाणीकडे जाणारे धुळीने माखलेले ट्रक, आणि झाडी संपली की एकदम धानाच्या बांध्या (खाचरं). पटले दारातच उभे होते. उंच, काळेसावळे, मिशा पांढऱ्या. दोघे मित्र एकमेकांकडे बघत राहिले आणि मग पटल्यांनी सुधाकरांच्या पाठीत जोरात थाप मारली.

“म्हातारा झाला बे तू तं!”

“आणि तू कोण राजकुमार लागून गेलास?”

दोन दिवस राहिलो. पटलेवहिनींनी लाखोरीच्या डाळीचे वडे केले, सांबार (कोथिंबीर) घातलेली झणझणीत चटणी केली आणि चिन्नोर तांदळाचा भात वाढला. तो शिजत असताना त्याचा वास अंगणापर्यंत येत होता. भात असा असतो हे मला साठाव्या वर्षी कळलं. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा (पेंढ्या) वाळत पडल्या होत्या. पटले आम्हाला धुऱ्यावरून (बांधावरून) हिंडवत होते. सुधाकर मागे मागे राहत होते. दोनदा त्यांचा तोल गेला. दुपारी जेवल्यावर ते पडले आणि दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. दिवसा झोपणारा माणूस आळशी असतो असं आयुष्यभर म्हणणारा माणूस!

“वहिनी, याची तब्येत बरी हाये ना?” पटल्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

“गाडीने दमवलंय हो. गिअर इतका जड झालाय, हात भरून येतो म्हणतात.”

“मंग जाताना तुमसरच्या अलीकडं भोजराम मिस्त्रीले दाखवा. मी फोन करतो. हात लावला का गाडी बोलते त्याच्याशी.”

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. भोजराम मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेला एक टिनाचं शेड, मागे त्यांच्याच तीन बांध्या, आणि दोहोंच्या मध्ये धानाचं भलंमोठं पुंजणं (गंजी). मिस्त्री पन्नाशीचे, बुटके, अंगात ग्रीसने काळा पडलेला शर्ट आणि कपाळाला गंधाचा टिळा. त्यांची बायको इंदूबाई पुंजण्यापाशी काम करत होती. आम्हाला पाहून तिने पाण्याचा गडवा (तांब्या) आणून दिला.

“या जी काकाजी. पटलेभाऊचा फोन आला होता. काय तकलीफ देऊन राहिली गाडी?”

“क्लच सुटत नाही,” सुधाकर म्हणाले. “केबल ताणलीय. प्लेटही गेली असेल.”

“पाहू देता का मले?”

त्या एका प्रश्नात जे काही होतं ते सुधाकरांना आवडलं नाही. पण ते बाजूला झाले.

भोजरामांनी इंजिन सुरूच केलं नाही. बंद गाडीत बसून दांडा पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात असा सगळीकडे फिरवला. “बंद गाडीत जड लागला तं दोष दांड्यात नाहीतर केबलीत. चालू गाडीतच जड लागला तं क्लचवर शक घ्यायचा,” ते मला समजावून सांगत होते. सुधाकरांना हे सांगायची गरज नव्हती म्हणून असेल. “आता पाहा, पुढंमांगं बरोबर जाते. आडवा नेला का अडकते. थोडंसंच, पन अडकते.”

मग बोनेट उघडलं. बॅटरी काढली, हवेच्या फिल्टरचा डबा काढला. खाली गिअरबॉक्सवर दोन केबली येऊन अडकल्या होत्या. एक दांड्याची मागेपुढे होणारी हालचाल नेते, दुसरी आडवी. भोजरामांनी दोन्हींच्या क्लिपा काढल्या आणि गिअरबॉक्सवरचा लोखंडी हात बोटांनी हलवला. खट, खट. तो सहज फिरला.

“गिअरचा डबा मोकळा हाये जी. आतले दात ठीक.” मग त्यांनी सुटी केबल ओढून पाहिली. एक सरकन्‌ गेली. दुसरी मध्येच अडली. तिच्या टोकाचं रबर फाटलं होतं. “हे पाहा. रबर फाटलं, पानी घुसलं, आतून जंग लागला. आडवा काहून अडकून रायला ते समजलं?”

सुधाकर वाकून बघत होते. “हो,” म्हणाले. “पण एवढ्याने करकर वाजणार नाही. क्लच आहे तो.”

“क्लच बी पाहतो जी. आधी हे बदलू.”

मिस्त्री स्वतः मोटारसायकलवर तुमसरला जाऊन केबल घेऊन आले. तेवढा वेळ मी इंदूबाईशी बोलत बसले. धान कधी चुरणार (मळणार), पाऊस यंदा कसा झाला, रानडुकरांनी किती खाल्लं. सुधाकर बाजेवर टेकले आणि बघता बघता झोपी गेले. सकाळी साडेदहाला.

केबल बसली. गिअरबॉक्सचं तेल कमी होतं तेही भरलं. भोजरामांनी क्लचच्या पेडलापासून खालपर्यंत सगळं तपासलं, पेडल हाताने दाबून, पट्टी लावून खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, मोजून. मग गाडी रस्त्यावर काढली, अर्धा किलोमीटर जाऊन आले. येताना मी कान देऊन ऐकत होते. एकदाही आवाज झाला नाही.

“झालं काकाजी. लोन्यावानी जाऊन राहिला. घ्या, पाहा.”

सुधाकर बसले. गाडी सुरू केली. पहिला टाकला.

करर्र.

“सांगितलं ना मी!” सुधाकरांचा आवाज चढला. “तुम्ही गिअरची केबल बदलून मोकळे झालात. क्लच खराब आहे.”

भोजरामांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोंधळ होता. ते म्हणाले, “उतरा जी जरासे,” आणि स्वतः बसले. पहिला, दुसरा, रिव्हर्स, पुन्हा पहिला. शांत. उतरले. सुधाकर बसले. करर्र.

असं दोनदा झालं. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लपवायचं कशाला? मला वाटलं, हा माणूस काहीतरी हातचलाखी करतोय.

मग भोजराम सुधाकरांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. दांड्याकडे बघेनातच, मान खाली घालून पायाकडे बघत राहिले.

“काकाजी, क्लच पूरा दाबा.”

“दाबलाय.”

“पूरा दाबा जी.”

“अहो पूर्णच दाबलाय! अजून किती दाबू, फरशी फुटेल खालची.”

भोजरामांनी वाकून पेडलखाली बोटं नेऊन पाहिली. मग हळू आवाजात मला म्हणाले, “बाई, तुमी जरा इकडं या. पाहा.”

मी उघड्या दारातून वाकले. सुधाकरांचा डावा पाय पेडलवर होता. पेडल अर्ध्यातच होतं. खालच्या पत्र्यापासून चांगलं चार बोटं वर. आणि सुधाकर समोर बघत, दात आवळून, पूर्ण ताकदीने दाबत असल्यासारखे बसले होते.

“अहो,” मी म्हणाले, “ते अर्धंच गेलंय.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“खाली बघा.”

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उजव्या हाताने स्वतःचा डावा गुडघा दाबला, तेव्हा पेडल तळाला टेकलं.

रस्त्यावरून धानाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला.

“गाडी बंद करा जी,” भोजराम म्हणाले. त्यांनी स्वतःच किल्ली फिरवली. “आता दोनी हात असे समोर धरा. तळवे वर. आन्‌ डोळे मिटा.”

“हा काय प्रकार आहे?”

“माह्यासाठी करा, काकाजी.”

सुधाकरांनी हात पुढे धरले, डोळे मिटले. उजवा हात जिथल्या तिथे राहिला. डावा हात आधी आत वळला, मग सावकाश, अगदी सावकाश, खाली यायला लागला. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. खाली येत येत मांडीवर टेकला.

“धरलेत ना वर?” सुधाकरांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं. “किती वेळ धरू?”

माझ्या हातातला गडवा कलंडला होता आणि पाणी माझ्या साडीवर सांडत होतं. इंदूबाईने तो काढून घेतला तेव्हा मला कळलं. मला ती प्लेट दिसली, ती चप्पल दिसली, तो आरसा दिसला. सगळं डावं. तीन दिवस माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सगळं डावं.

“डोळे उघडा,” भोजराम म्हणाले.

सुधाकरांनी मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं. “खाली आलाय?” त्यांनी मला विचारलं.

“हो.”

“मला तर वरच वाटत होता.” त्यांचा चेहरा असा मी कधीच पाहिला नव्हता. भीतीही नव्हती त्यात अजून. कारखान्यातला एखादा दाबमापक खोटा आकडा दाखवताना पकडला गेला तर ते असे बघत असतील.

भोजराम उतरले, बादलीत हात धुतले. “माह्या बहिणीचा हात असाच खाली आला होता. डॉक्टरनं असेच हात धराले लावून मंग आमाले दाखवला, पन दोन दिवसांनी. दोन दिवस आमी तिले घरीच ठेवलं, कमजोरी हाये म्हनून. पुरा लकवा झाला. आता बोलत नाही ते.” त्यांनी शर्टाला हात पुसले. “बसा जी मांगं दोघंबी. भंडाऱ्याले नेतो. डोक्याचा फोटो तिथं निघते. एक मिनिट बी थांबू नका.”

“तुमचं गॅरेज?” मी विचारलं. असल्या वेळी माणूस काय विचारेल याचा नेम नाही.

“इंदू पाहते ना.”

आमच्याच गाडीने निघालो. भोजराम चालवत होते, आम्ही दोघं मागे. मी सुधाकरांचा डावा हात दोन्ही हातांत धरून बसले होते. तो गरम होता, नेहमीसारखाच होता, फक्त मी दाबला की उलट दाबत नव्हता. पुढे गिअर बदलत होते; आवाज नाही, हिसका नाही.

“तिसरा लवकर टाकतोय,” सुधाकर पुटपुटले.

“हो ना? बोला, बोलत राहा,” मी म्हणाले. मोहाडी मागे पडली तसे ते पेंगायला लागले. मी त्यांना काहीही विचारत सुटले. आयटीआयच्या खोलीचा नंबर किती होता, पटल्यांना कुठल्या विषयात नापास केलं होतं, मीराचा जन्म किती वाजता झाला. ते उत्तरं देत होते, पण प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा उशिरा येत होतं. वरठीजवळ धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. भोजरामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायला सुरुवात केली, “पेशंट हाये बापा, पेशंट! बाजूले घ्या!” आणि एकेक ट्रॅक्टर खरोखरच चिखलात उतरत गेला. ते ड्रायव्हर कोण होते मला माहीत नाही. पण मान वळवून आमच्याकडे बघणारे ते चेहरे मला अजून दिसतात.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तेच केलं जे गॅरेजात झालं होतं. हात समोर, डोळे बंद. मग डोक्याचा स्कॅन. तासाभराने त्यांनी मला काळ्या पडद्यावर ते चित्र दाखवलं. कवटी, तिच्या आत मेंदू, आणि उजवीकडे दोहोंच्या मध्ये एक चंद्रकोरीसारखा राखाडी पट्टा.

“हे रक्त आहे,” त्या म्हणाल्या. “थेंबथेंब साचलंय, बरेच दिवस. मेंदूची उजवी बाजू दाबली गेलीय, म्हणून डावा हात-पाय. आणि अशा वेळी बऱ्याचदा पेशंटला स्वतःला कळतच नाही की ती बाजू काम करत नाहीये. महिना-दोन महिन्यांत डोक्याला मार लागला होता का?”

“नाही हो,” मी म्हणाले. आणि मग आठवलं. दिवाळीच्या सफाईला माळ्यावरून मी पितळी घंगाळ खाली देत होते. मीच. ते निसटलं आणि खाली उभ्या सुधाकरांच्या डोक्यावर आपटलं. टेंगूळ आलं, मीराने बर्फ लावला, संध्याकाळी त्यावरून आम्ही तिघं हसलोही होतो. आणि हृदयाच्या दुखण्यामुळे रक्त पातळ करायची गोळी ते रोज घेतात. ती गोळी रोज सकाळी त्यांच्या हातावर ठेवणारीही मीच.

हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या लिहून घेत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “आज आणलंत ते बरं केलंत. उद्या ते झोपेतून उठले नसते असंही झालं असतं.”

मी बाकावर बसले. आज आम्ही घरी जायला निघालो होतो. समृद्धीवर, पाचव्या गिअरमध्ये, चारशे किलोमीटर.

रुग्णवाहिकेने नागपूरला नेलं आणि संध्याकाळच्या आतच शस्त्रक्रिया झाली. कवटीला दोन छोटी छिद्रं पाडून साचलेलं रक्त काढलं. मीरा पुण्याहून विमानाने आली ती थेट दवाखान्यात. भोजराम रुग्णवाहिकेच्या मागोमाग आमची गाडी घेऊन नागपूरपर्यंत आले होते. मीरा दिसल्यावर माझ्याजवळून उठले आणि, “आता लेक आली, मी निंगतो,” एवढंच म्हणाले. गाडी तिच्या ताब्यात द्यायला लागले तर मीरा म्हणाली, तुम्हीच घेऊन जा, आम्ही कुठे सांभाळणार इथे. तेव्हा गाडी पुन्हा तुमसरला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं. डोक्याला पट्टी बांधून सुधाकर डोळे मिटून पडले होते. मी काही बोलायच्या आत त्यांचा डावा हात उठला आणि पट्टीखाली खाजवायला लागला. नर्स धावत आली, “ओ आजोबा, हात नका लावू!” मी तिला म्हणाले, “लावू द्या हो. दोन मिनिटं लावू द्या.” तिला वाटलं असेल बाईला वेड लागलंय.

पटले दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा येताना चिन्नोरचा तांदूळ घेऊन आले आणि सुधाकरांच्या उशाशी बसून रडले. “म्हातारा झाला म्हनून हासलो ना बे मी,” म्हणाले. सुधाकरांनी डाव्या हाताने त्यांची मिशी ओढली.

बाराव्या दिवशी घरी सोडलं. भोजराम गाडी घेऊन आले, धुऊन पुसून, डावीकडे नवा आरसा लावून. सुधाकर दवाखान्याच्या आवारात त्यांच्यासमोर उभे राहिले. आभार मानणं त्यांना कधी जमलं नाही. ते म्हणाले, “तुमचं निदान बरोबर होतं. क्लच ठीक होता.”

भोजराम हसले. “तुमचं बी बरोबर होतं जी. क्लच पूरा सुटतच नव्हता.”

मीराने गाडी चालवली. मी मागे बसले, सुधाकर पुढे डावीकडे. परतीच्या वाटेवर तीच कापसाची शेतं, तोच सिमेंटचा पट्टा, पण मला काहीच दिसत नव्हतं. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. जाताना सगळा प्रवास मी त्यांच्या डाव्या बाजूलाच बसले होते. जो हात हळूहळू जात होता तो माझ्या हातापासून दोन वितींवर होता. मी नदीचा रंग लक्षात ठेवला, तर्रीची चव लक्षात ठेवली, झाडं मोजली. आणि चप्पल पायातून गळाली तेव्हा त्या कपडे पिळणाऱ्या बाईबरोबर हसले. अडतीस वर्षांत माणूस इतका ओळखीचा होतो की मग त्याच्याकडे बघायचं राहून जातं. एका मिस्त्रीने त्यांच्याकडे नवीन गाडीसारखं पाहिलं, म्हणून ते आज पुढच्या सीटवर होते. हे मला अजून पचलेलं नाही. पचेल असंही वाटत नाही.

जालना आलं. महामार्ग सोडल्यावर मीराला सारखे गिअर बदलावे लागत होते. प्रत्येक वेळी सुधाकरांचा डावा पाय पुढे जाऊन खालची चटई दाबत होता.

“बाबा,” मीरा म्हणाली, “तिकडे क्लच नाहीये.”

“माहितीय मला. तळाला लागतोय का ते बघतोय.”

मी मागच्या सीटवरून पुढे वाकले आणि दोन सीटांच्या मधून खाली पाहिलं. लागत होता.